चार नंबरची दोरी

खेळायच्या पत्त्याएवढं ते कार्ड ड्यूगल अंगठ्याने चोळत होता, आकडा पुसला जाईल तर बरं म्हणून — पण आकडा छापलेला. शवपेटीचं चित्र, तिच्या कडेने पेटी उतरवायच्या दोऱ्यांचे आठ ठिपके, आणि त्यातल्या एकाभोवती शाईचं वर्तुळ... चार. डोक्याशी एक नंबर, पायाशी दोन नंबर, बाकीच्या दोऱ्या दोन्ही कुशींना. एक नंबरची दोरी थोरल्या मुलाची. एअरशायरच्या या खाणीच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. आजोबांना खड्ड्यात उतरवताना ती बाबांच्या हातात होती आणि शेजारी उभ्या ड्यूगलला तेव्हाच कळलं होतं, की पुढची आपली.

ती आज, बाबांच्या वेळी, एफी धरणार. धाकट्या भावाची बायको. गावातल्या म्हाताऱ्यांच्या भुवया वर जाणार, तेवढंच त्याला समाधान.

चार... सबंध उमेदीत तोच आकडा पाठीवर होता. फुटबॉलच्या मधल्या फळीतला ड्यूगल — चेंडू हिसकावून घ्यायचा आणि ज्यांची नावं पेपरात येतात त्यांच्या पायाशी नेऊन द्यायचा. बाबा खाणीतून थेट मैदानावर येत, कठड्याला टेकून उभे राहत, आणि सबंध सामन्यात त्यांची एकच ओरड — "माग की रे! चेंडू माग!" तो कधीच मागत नसे. चांगल्या खेळाडूला मागावं लागत नाही, असा त्याचा माज होता. अजून आहे, नाहीतर सकाळी स्वयंपाकघरात तो इतका वेळ चहा ढवळत कशाला बसला असता?

"तुझाच नंबर राखून ठेवला," धाकटा भाऊ वॉटी बुटांना पॉलिश करता करता म्हणाला. वर न बघता.

"हं."

"एफीने केलं बाबांचं. शेवटी शेवटी हागणं-मुतणंसुद्धा. तू फोनवर सांगितलं होतंस ना, त्या पोराचं?"

फिनलंडमधलं, तुर्कूच्या संघातलं पोर. बाप दवाखान्यात म्हणून ते सरावाला आलं नाही, आणि तिथे कोच असलेल्या ड्यूगलने त्याला अंतिम सामन्यातून वगळलं. जो सरावाला नाही तो संघात नाही — हे त्याने भावाला हसत हसत सांगितलं होतं. वॉटी तेव्हा हसला नव्हता, हे आत्ता आठवतंय.

"मीही तेच केलं," वॉटी म्हणाला. "सरावाला कोण होतं ते बघितलं."

निवड चुकली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण त्यानेही हाच संघ उतरवला असता, आणि तेच त्याला जाळत होतं. एक नंबर मला दे — एवढंच म्हणायचं होतं. वॉटी चकचकीत झालेला बूट पुन्हा पुन्हा घासत होता... वाट बघत होता का? ड्यूगल उठला आणि कप विसळू लागला.

आता कबरीपाशी आकडे पुकारले गेले. एफी हातमोजे काढून डोक्याशी उभी राहिली. चौथा आकडा आला तसा ड्यूगल पुढे झाला, त्याने दोरी घेतली, पाय रोवले, पेटी हलली — आणि त्याच्या हातात वजनच आलं नाही. दोरी सैल. समोर एफीचे हात ताणले गेले होते, वॉटीच्या मानेची शीर तट्ट फुगली होती, भार सगळा तिकडे. त्याने दोरी किंचित ओढून पाहिली. काही नाही. मी इथे आहे... इकडेही द्या ना थोडं... आयुष्यभर दुसऱ्यांना देत आलो, आज बापाचं वजनसुद्धा माझ्या वाट्याला नाही?

"सोडा," पेटी तळाला टेकल्यावर कुणीतरी हळूच म्हणालं.

सात दोऱ्या झाकणावर पडल्या. आठवी त्याच्या पंजाभोवती गुंडाळलेली होती, कधी गुंडाळली त्यालाही ठाऊक नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. वॉटीही. कठडा नव्हता, मैदान नव्हतं, तरी ओरड अगदी कानाशी आली — माग की रे.

मागतो, बाबा... पण आता कुणाकडे?