बांगडे, किटली आणि अबोला

डोरथी नवऱ्याशी बोलत नव्हती. कारण काय, तर बांगडे! शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने तैलरंग हाती घेतले होते. ताटात दोन ताजे बांगडे मांडले, पाठीवरची निळी-हिरवी झाक कुठे साधत आली होती, आणि ती चर्चमध्ये गेली असताना बाबुशने ते तळून खाल्ले. वर म्हणतो कसा, "फुकट गेले असते गो." आता अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

मग तिने खाता न येणारी वस्तू निवडली. आईची पितळी किटली. डोळे बारीक करून बघायचं, आधी काळोख आणि उजेड वेगळे करायचे, रंग मागाहून, हे तिने जन्मभर पोरांना शिकवलेलं. पण किटली काही पितळेची होईना. पिवळा लावून झाला, पांढरा लावून झाला, कॅनव्हासवर नुसता भोपळा! तोंडवलीच्या किनाऱ्याची अर्धी वाळू रंगवून झाली असती एवढ्या रंगात.

अबोला धरल्यापासून बाबुश पेपर घेऊन बाहेर पडवीत बसायचा. खिडकीजवळची त्याची खुर्ची रिकामी असायची. एका सकाळी तो चष्मा शोधत आत आला आणि त्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला. किटलीच्या पोटावर त्याचं प्रतिबिंब गडद तपकिरी पट्टा होऊन उमटलं, त्याच्या शेजारी खिडकीचा उजेड लखकन उठला. पितळ! तो बाहेर गेला आणि पुन्हा भोपळा.

आली का पंचाईत! बांगडे खाल्ले त्याने, आणि आधी बोलायचं हिने? छे! डोरथीने कपाटातून त्याचा रविवारचा काळा कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर अडकवला. काळोख आला खरा. पण त्या कोटाला ना मान होती, ना खांदे. बाह्या नुसत्या लोंबत होत्या. जणू तो घालणारा माणूसच उरला नव्हता. ब्रश खाली ठेवून तिने तो कोट आधी तिथून उचलला.

"बाबुश!"

बाहेर पेपर गप्प झाला. "काय गो?"

"हंय येऊन बस."

"कित्याक?"

"किटलीक तू व्हयो आसस," ती म्हणाली. मग हळूच, "माका पण."

तो आला, बसला. पेपर वाचायची परवानगी मिळाली, हलायची नाही. डोरथीने गडद तपकिरी रंगाचा एकच फटकारा मारला, कोरड्या ब्रशने त्याची कड मऊ केली आणि अगदी लागून उजेडाचा जाड ठिपका ठेवला. किटली चमकली.

बाबुश मागे येऊन उभा राहिला. "ह्यो मी? इतको काळो?"

"काळो आसस म्हणान तर ती चमकता."

"आणि पोट?"

"पोट तुजांच," डोरथी म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी आली, तर किटलीशेजारी ताटात दोन बांगडे, अजून ओले. बाबुश न बोलावताच आपल्या खुर्चीत बसला होता.

"आधी काढ," तो म्हणाला. "मगे तळूया."