न लिहिलेली घरं

त्याचं नाव काटे नव्हतं, आडनावही काटे नव्हतं, तरी सगळे त्याला काटेदादा म्हणत. एसी दुरुस्त करणारे बाकीचे लोक गॅस भरताना दाबाच्या घड्याळाकडे एकदा बघत आणि "झालं बघा" म्हणून पैसे मागत. हा मात्र सिलेंडर काट्यावर ठेवी, गिऱ्हाइकाला जवळ बोलावून आकडा दाखवी आणि मगच व्हॉल्व्ह उघडी. काम संपलं की बाहेरच्या मशिनच्या पत्र्यावर काळ्या पेनाने तारीख, गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधलं वजन लिही. चार वर्षांनी कुणीही येऊन वाचावं, असं स्वच्छ अक्षर. माणूस काटेकोर, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्याने बाराएक वर्षं जपली होती.

मंगळवारी दुपारी तो तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेला. बाहेर पारा पंचेचाळिसावर होता. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. आतल्या खोलीत वहिनींचे सासरे झोपून होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून अण्णांना उठता येत नव्हतं आणि दोनदा पलंगावरून पडल्यामुळे आता त्यांची गादी जमिनीवरच घातलेली होती.

"आला का वाणी?" अण्णा पडल्या पडल्या म्हणाले. "आज किती छटाक थंडी देणार?"

"तुम्ही म्हणाल तेवढी, अण्णा. काटा आणलाय."

एसीतला गॅस साफ गेलेला होता. काटेदादाने बाहेरच्या सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे गळती आतल्या कॉइलला. ती खात्री करायची तर भिंतीवरचं मशिन उतरवायला हवं, अर्धा दिवस मोडणार.

"कॉइल बदलायची तर अकरा हजार," तो म्हणाला. "नुसता गॅस भरायचा तर साडेतीन. पण गळती तशीच राहील."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. गेल्या महिन्यात हाडाच्या ऑपरेशनचं बिल चुकतं केलेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"साडेतीनमध्ये काही कमी?"

"वहिनी, गॅसच महाग झालाय. माझ्या पदरात काय पडतं त्यातलं?"

"आणि एवढं भरून महिन्याभरात पुन्हा गेला तर? या उकाड्यात ते जगतील का दादा, तुम्हीच सांगा."

तेव्हा तो म्हणाला, "दुसरा एक गॅस आहे. सोळाशेत काम होईल. थंडावा उलट जास्तच."

खोटं त्यात काहीच नव्हतं. तो गॅस खरोखर चांगला थंड करतो आणि अर्ध्याहून कमी वजनात भागतं. आठशे ग्रॅम लागत होता तिथे साडेतीनशे पुरे. फक्त तो पेट घेतो. स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, पण वास नसलेला. ज्या मशिनसाठी तो बनवलेला नाही त्यात भरू नये, हे काटेदादाला पक्कं माहीत होतं. पण यंदाच्या उन्हाळ्यात प्रत्येक घरात तीच घासाघीस, तेच उतरलेले चेहरे. "इतकी वर्षं लोक भरतायत, कुणाचं काय वाकडं झालं?" असं दुकानदार म्हणाला होता आणि काटेदादाने दहा किलोचा सिलेंडर उचलला होता.

त्याने साडेतीनशे ग्रॅम भरले. काट्यावरचा आकडा वहिनींना दाखवला. पत्र्यावर मात्र काहीच लिहिलं नाही. या गॅसचं तो कुठेच काही लिहीत नसे.

निघताना त्याला जरा अपराधी वाटलं, म्हणून त्याने एक सल्ला दिला आणि एक काम फुकटात केलं. खिडकीच्या फटींतून गार हवा जात होती, त्या चिकटपट्टीने बंद करायला आणि दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवायला सांगितलं. आणि अण्णांच्या बेलचं बटण भिंतीवर फार उंच होतं, ते खाली आणून उशाशी, जमिनीपासून हातभर अंतरावर बसवून दिलं.

"वा! वाण्याने वर भेट दिली," अण्णा म्हणाले आणि तीनदा बेल वाजवून बघितली.

गुरुवारी तो एका गच्चीवर काम करत असताना फोन आला. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"दादा, अहो, एसी पुन्हा गार करत नाहीये. नुसता वारा येत होता. दीड वाजता बंदच केला."

"खिडकी उघडलीत ना?"

"छे! तुम्हीच तर चिकटपट्टी लावायला सांगितलीत. आहे तेवढा गारवा राहू दे म्हटलं."

"पंखा?"

"पंख्याने त्यांना खोकला येतो. बंदच आहे. निजलेत छान."

काटेदादाचा हात पान्यावर होता तसाच राहिला आणि डोक्यात आकडे आपोआप सुरू झाले. मशिन चालू असताना आतल्या कॉइलमधला दाब कमी असतो. बंद केलं की तो वाढतो, आणि मग जे नुसतं झिरपत होतं ते सुटतं. खोली दहा बाय दहा. सगळ्या खोलीत पसरला तर एवढासा गॅस काहीच नाही. पण हा हवेपेक्षा जड. दोन तास, पंखा नाही, फट नाही. तो जमिनीवर पाण्यासारखा साचणार, गुडघाभर. आणि तेवढ्या उंचीत पेट घ्यायला साडेतीनशे ग्रॅम पुरेसे होतात. वास असता तर कुणाला तरी कळलं असतं.

त्या गुडघाभर थरात एक म्हातारा निजलेला होता आणि त्याच्या उशाशी ठिणगी पाडणारं एक बटण होतं.

"वहिनी, अण्णा बेल कधी वाजवतात?"

"चहाला. चारला, घड्याळ लावल्यासारखी. का हो?"

"खोलीतल्या एकाही बटणाला हात लावू नका. रिमोटलाही नाही. थोडं... थोडं शॉर्ट आहे."

"अगंबाई! मग मेनच बंद करते," वहिनी म्हणाल्या. मेनचा खटका त्याच खोलीत, दारामागे होता. फोनमध्ये त्यांच्या चपलांचा आवाज यायला लागला.

एवढ्या वेळात त्याने बारा वर्षांची ख्याती बघितली, वहिनींचा चेहरा बघितला, आणि चपलांचा आवाज पुढे पुढेच जात होता.

"वहिनी, थांबा!" तो ओरडला. "तो गॅस पेट घेतो. मी भरलेला. मला माहीत होतं. खटका दाबू नका. दार उघडा, चिकटपट्टी फाडा, अण्णांना गादीसकट बाहेर ओढा. आधी ओढा!"

फोन कुठेतरी आपटला. टॉवेल सरकल्याचा, दार भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. मग चिकटपट्टी फाटल्याचा लांब चर्रर्र. मग "अण्णा, उठा, अण्णा!"

आणि मग बेल वाजली.

उन्हात उभा असलेला काटेदादा डोळे मिटून ऐकत राहिला. बेल थांबली. त्यापुढे काही ऐकू येईना. मागच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा त्याने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"अगं, नुसती जागा झाल्याची बेल दिली तर एवढी काय ओरडतेस?" फोनमधून अण्णांचा चिडका आवाज आला. "आणि ओढतेस कुठे मला?"

तो पोचला तेव्हा जिन्याच्या चौकात गादी होती आणि गादीवर घामाने डबडबलेले अण्णा.

"वाणी, माझा चहा राहिला," ते म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. तोंडचं पाणी पळालेलं. त्या ओरडतील, हात उगारतील, असं त्याला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "साडेतीनमधून सोळाशे गेले की एकोणीसशे उरतात. एवढेच वाचवले ना मी?"

"चूक तुमची नाही, वहिनी. माझी."

"ते मी नंतर बघते," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, अजून कुणाकुणाकडे भरलात हा?"

काटेदादाने त्या गॅसचं कुठेच काही लिहून ठेवलं नव्हतं. तो खाली गेला. गाडीच्या डिकीतून सिलेंडर काढून त्याने फुटपाथवर काटा मांडला. रिकाम्या सिलेंडरचं वजन वजा केलं. चार किलो चारशे शिल्लक. म्हणजे पाच किलो सहाशे ग्रॅम गेले. भागिले साडेतीनशे: सोळा घरं. पण काही मशिनं लहान असणार, काही मोठी. पंधरा असतील, सतराही असतील.

पेनाचं टोपण दाताने काढून तो तळहातावर घरं लिहायला लागला. कोपऱ्यावरचा शिंपी. दोन बहिणींची खोली. बाळंतीण होती ते घर. बँकेतले काका. अकरावर येऊन पेन थांबलं.

सव्वाचार वाजले होते. समोरच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत सगळ्या खिडक्या बंद होत्या. पहिल्या नंबरला त्याने फोन लावला आणि तो वाजत असताना बाराव्या घराचा जिना आठवायचा प्रयत्न करू लागला.