एक ओळ कमी

आमच्या ऑफिसने कागद बंद करायचं ठरवलं आणि रेकॉर्ड विभागातल्या आम्हा चौघींना आकडेवारीची संगणकभाषा शिकायला पाठवलं. मी सत्तेचाळीस वर्षांची. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, स्वतःची माहिती आणा, सरावाला बरी पडते. माझ्याकडे सासूबाईंची वही होती.

सासूबाई सुईण. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची एक खोली, तिथे त्या एकट्या राहतात. उन्हाळ्यात दोनदा गॅस चालू राहिला. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाच मिनिटांनी त्यांना एकच आठवला. नवऱ्याने ठरवलं की खोलीला कुलूप लावायचं आणि आईला आपल्याकडे आणायचं. त्या ठाम होत्या. म्हणाल्या, अकराशे चाळीस बाळंतपणं केली, एकेक लक्षात आहे, वही मोजून बघा. हा म्हणाला, मोजूच. एकही इकडेतिकडे झालं तर किल्ली माझ्याकडे. मला दोघांचाही राग आला, पण टायपिंग माझ्याच गळ्यात पडलं.

तीन आठवडे लागले. वहीत रकान्यांना नावं नव्हती, त्यांना ठाऊक होतं कुठे काय ते. तारीख, बाई, मुलगा की मुलगी, वजन. बाईचं नावही नसे, ‘पोस्टमनची सून’, ‘ड्रायव्हरची धाकटी’ असं. मी आहे तसं उतरवून घेतलं.

रविवारी दोघं समोर बसली. मी फाईल उघडायचा हुकूम दिला, तर संगणक म्हणे अशी फाईलच नाही. डोळ्यांसमोर होती. कपाटात समोर ठेवलेला टॉवेल न दिसणारा माणूस माझ्या घरातच आहे, त्यामुळे मी फारशी हबकले नाही. फाईल नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगितल्यावर मुकाट्याने उघडली. मग ओळी किती ते विचारलं.

अकराशे एकोणचाळीस.

सासूबाईंनी पिशवीतून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. वाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. यंत्र म्हणतंय म्हणजे खरंच असणार, असं मलाही वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

“कुठली गेली, ते तरी सांग,” त्या म्हणाल्या. “वाच पहिल्यापासून.”

मी वाचलं, “बेकरीवाल्याची सून. मुलगा.”

“ही दुसरी. पहिली शिंप्याची थोरली. मुलगी झाली होती, सव्वादोन किलोची. माझे हात थरथरत होते.”

यादीत शिंप्याची थोरली नव्हती. मी वर, रकान्यांच्या मथळ्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पहिली ओळ म्हणजे रकान्यांची नावं असणार, असं संगणकाने गृहीत धरलं होतं. मी त्याला तसं नाही म्हणून सांगायला हवं होतं, ते पहिल्याच तासाला शिकवलं होतं. शिंप्याची थोरली मथळा बनून वर जाऊन बसली होती, मथळ्यात मोकळी जागा चालत नाही म्हणून नावात टिंबं घुसवलेली. शेजारच्या मथळ्यात ‘मुलगी’, आणि त्याखाली मुलगेसुद्धा. मथळा आकड्याने सुरू झालेला चालत नाही, म्हणून तिच्या लेकीच्या वजनाआधी एक फुली मारलेली. बाकीच्या सगळ्या बायका तिच्या खाली.

मी चूक दुरुस्त केली. अकराशे चाळीस. दोघांनाही स्क्रीन दाखवली, आणि चूक माझी होती हेही सांगितलं. नवऱ्याने आकडा स्वतः वाचून पाहिला. मग म्हणाला, “आई, चुकलं माझं.” त्याने किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. मला खूप बरं वाटलं. मी चहा टाकला.

चहा पिताना त्यांनी विचारलं, शेवटी किती निघाली. मी सांगितलं. त्या खूश झाल्या. शिंप्याच्या थोरलीची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, हात थरथरल्याचीसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मग कप खाली ठेवत म्हणाल्या, “बरं, ते मोजलंस का? किती निघाली?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. एवढं त्यांना पुरलं. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे चेहरे वाचण्यातच काढली होती.

“आधी विचारलंय का मी?”

खोटं बोलायचं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. “हो,” मी म्हटलं. “आत्ताच सांगितलं तुम्हाला.”

त्यांनी मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. मुलाकडे नाही दिली, माझ्याकडे सरकवली.

“तूच ठेव मग,” त्या म्हणाल्या. “पण आकडा बरोबर होता ना माझा?”

“बरोबर होता, आई. अकराशे चाळीस.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी तो अजून चारदा विचारला, आणि दर वेळी मी स्क्रीनवर बघूनच सांगितला.