घोंगडीआडचा सौदा

मित्रांनो, मी राणीसावरगावच्या भुजंगआबांची एक जुनी घोंगडी आहे. त्यांच्याच मेंढ्यांची लोकर कातरून, सूत काढून मला विणले आणि चिंचोक्याची खळ दिली. नवी असताना मी पापडासारखी कडक होते. आबांच्या खांद्यावर राहून मऊ झाले.

माझे खरे काम बाजारात. मेंढीचा सौदा करताना आबा आणि व्यापारी माझ्याआड हात घालत आणि बोटे दाबून भाव सांगत. हात हातात असेपर्यंत दिलेला भाव कुणी मागे घेत नसे. पटले नाही तर हात सोडून आबा मेंढ्या घेऊन घरी येत. लोक त्यांच्या सौद्याची तारीफ करत आणि मीच फुगून जाई.

आबांचा मुलगा मल्हार गंगाखेडला शिकत होता. एकदा त्याने मोबाइलवर क्रिकेटच्या सट्ट्याचा बाजार दाखवला. जन्मात पत्त्यांना हात न लावलेले आबा लगेच नको म्हणाले.

"जुगार न्हाई आबा, व्यापार हाय," मल्हार म्हणाला. "संघाचा भाव चांगला असताना घ्यायचा, त्यो जिंकाय लागला की दुसऱ्याला द्यायचा. आपुन बाजारात तेच करतोत की."

व्यापार म्हटल्यावर आबा विरघळले. कोकरे विकून आलेले पैसे त्यांनीच मल्हारला दिले. सुरुवातीला थोडा फायदा झालाही. पोराला बाजार कळला, असे आबा बायकोला, सुगंधाबाईंना, कौतुकाने सांगत.

मग एका संध्याकाळी दोघांनी सगळेच लावले. संघ जिंकत आला होता. नफा घेऊन मोकळे व्हावे म्हणून मल्हारने बोट पुढे केले, तर आबांनी त्याचा हात धरला. "थांब जरा. भाव कुठं पळायलाय?" बाजारातल्यासारखा समोरच्याने हात धरलेला आहे, तो कसा सोडेल, असे त्यांना वाटले.

तेवढ्यात भाव गोठला. टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच होता, पण मैदानावर गडी बाद होऊन गेला होता. आपल्याला दिसणारे चित्र उशिराचे असते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. भाव पुन्हा उघडला तेव्हा पार उलटला होता.

गेलेले परत आणायच्या नादात मल्हारने बन्सीधर व्यापाऱ्याकडून अख्ख्या कळपावर इसार घेतला. आबांना विचारले नाही. ती आगाऊ रक्कमही गेली. असल्या धंद्याला कायद्याचा आधार नाही, मग दाद कुणाकडे मागणार?

बन्सीधर कळप न्यायला आला आणि रीतीप्रमाणे त्याने माझ्याआड हात घातला. भला माणूस, त्याने भाव वाढवूनही दिला असता. पण पोराने भाव ठरवून इसार घेतला होता, म्हणून आबांनी बोटे हलवलीच नाहीत. ज्या मेंढ्यांच्या लोकरीची मी, त्यांचा सौदा माझ्याच आड झाला. मला फार वाईट वाटत होते.

मेंढ्या गेल्यावर मल्हार आबांच्या पायाशी बसला. मला मारा तरी, म्हणाला.

"तुला कशाला मारू?" आबा म्हणाले. "हात तर म्या धरला हुता."

आता मी खुंटीवर असते. मला कसर लागली आहे. सुगंधाबाई ऊन दाखवायला काढू लागल्या, की आबा राहू दे म्हणतात. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असा भाव बघत बसला असेल, तर तो बघतो आहे ते केव्हाच होऊन गेलेले असते, एवढे त्याला आजच सांगा आणि हाताला धरून उठवा. आमच्या घरी हात धरला तो थांबवून ठेवायला.