साय मागून येते

ताईचं बाळ वेळेआधीच आलं. एवढुसं, की मी त्याला वाटाणा म्हणायला लागले. आईने डोळे वटारले, पण हसू तिलाही आलं. त्याला काचेच्या पेटीतून नुकतंच बाहेर काढलेलं, आणि वजन वाढलं नाही तर परत आत, असं सिस्टरने बजावलेलं. ताईने तेवढंच मनात धरलं होतं. पेटीत परत जाऊ द्यायचं नाही.

शाळा सोडून घरी बसलीयेस ना, मग जा दवाखान्यात, म्हणून मला धाडलं. काम काय, तर वाटाणा पिता पिता झोपला की त्याचे तळपाय चोळायचे. चोळून चोळून माझीच बोटं झोपायला लागली.

घोळ आईचा होता. आम्हा बहिणींना बिस्कीटसुद्धा मधोमध मोडून देणारी बाई ती. वाटाण्याने चार घोट घेतले की लगेच म्हणायची, आता दुसऱ्या बाजूला घे, दोन्हीकडे सारखं हवं. तो तिकडे दोन घोट घ्यायचा आणि ठार झोपायचा. वजन जागचं हलेना. ताई रडायचीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे बघत बसायची. माझं डोकंच फिरलं.

"पोर आहे ते, बिस्कीट नाही," मी आईवर खेकसले.

आई म्हणाली, तुम्हा दोघींना मीच वाढवलंय, तू मला शिकवू नकोस.

सिस्टरने ऐकलं. खुर्ची ओढून बसली, तिचेही पाय दुखत असणार. म्हणाली, आजी, आधी येतं ते दूध पातळ, साय मागून येते. बाजू बदलली की पुन्हा पातळच येतं, आणि हा साय यायच्या आतच दमतो. मग तिने ताईला सुरुवातीचं थोडं दूध वाटीत पिळायला लावलं, वाटाण्याला त्याच बाजूला धरायला सांगितलं. वाटीतलं मागाहून चमच्याने पाजायचं.

आईने स्वतःच उठून वाटी उकळून आणली.

मग तेच सुरू झालं. पिळायचं, पाजायचं, चमच्याने भरवायचं, जरा पाठ टेकली की परत पिळायचं. ताईचे केस विंचरायचेही राहून गेले.

आज सिस्टरने त्याला काट्यावर ठेवलं. वाढलं होतं. थोडंच, पण वाढलं होतं. म्हणाली, पेटी नको आता.

ताईने डोळे मिटून घेतले.

"ऐकलंस ना गं?" आईने विचारलं.

"ऐकलं. आता मला झोपू दे."

ती बसल्या बसल्याच कलंडली. आई दारात जाऊन उभी राहिली आणि भेटायला येणाऱ्यांना हातानेच परत पाठवायला लागली.