दुसऱ्या वाटेसाठी मागवलेली केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे आणि जन्मापासून दुसरी आहे. पहिली म्हणजे माझी थोरली बहीण. तुम्ही म्हणाल, केबलींमध्ये कसली आली आहे थोरली-धाकटी! आहे, आणि अगदी तुमच्या घरात असते तशीच आहे. थोरलीने राबायचं आणि ती आजारी पडेपर्यंत धाकटीने खुशाल लोळायचं. सुरुवातीला मला हे भलतंच आवडलं होतं.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात जन्मलो. पोटात केसाहून बारीक काचेच्या तारा, त्यांच्याभोवती धाग्यांचं अस्तर आणि वरून निळा झगा. आमच्यातून वीज धावत नाही, उजेड धावतो आणि त्या उजेडावर बसून माणसांची बोलणी इकडून तिकडे जातात. आमची दोन्ही टोकं कारखान्यातच बसवली, तपासली आणि त्यांना चिमुकल्या टोप्या घातल्या. हे जरा लक्षात ठेवा. अशी टोकं बसवलेली केबल कापून लहान करता येत नाही आणि ओढून काही ती मोठी होत नाही. मागवताना जे माप सांगाल, तेवढीच ती.

आमचं माप सांगितलं होतं ताईने. ताई म्हणजे त्या डेटा सेंटरचा आराखडा करणारी इंजिनिअर. सर्व्हर ठेवायचा कुठला रॅक, म्हणजे कपाट, कुठे उभा राहणार, कुठली केबल कुठून जाणार, हे सगळं ती ठरवायची. नुसतं कागदावर नाही हं. मोजपट्टीचं चाक ढकलत ती स्वतः सगळा हॉल पालथा घालायची. तो हॉल म्हणजे थंडगार, बिनखिडकीचा आणि सतत घुमणारा. सर्व्हरची उंच काळी कपाटं रांगेने उभी आणि खाली गुडघाभर उंचीच्या लोखंडी पायांवर बसवलेल्या फरश्या. फरशी उचलली की खाली जाळीचे लांब ट्रे दिसायचे. आमच्यासारख्यांनी त्यात निजायचं.

साधासुधा हॉल नव्हता तो. शहरात कुठे कोणी पडलं, भाजलं, कोणाच्या छातीत कळ आली की लोक ज्या नंबरवर रुग्णवाहिका बोलावतात, तो प्रत्येक फोन इथल्या सर्व्हरमधून जायचा. म्हणूनच आम्ही दोघी होतो. बाहेरची लाइन ज्या छोट्या खोलीत येते, तिथून हॉलपर्यंत थोरलीने पुढच्या भिंतीने यायचं आणि मी मागच्या. एका बाजूला आग लागो, पाणी शिरो, काही कोसळो, दुसरी बाजू जिवंत राहिली पाहिजे. माझ्या जगण्याला एवढा एकच अर्थ होता: थोरली जिथून जाते, तिथून मी जायचं नाही.

पहिल्या आराखड्यात आमच्या दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या होत्या. मग ताईच्या लक्षात आलं की माझी वाट पाण्याच्या पाइपखालून जाते. तिला ते खपलं नाही. तिने ती वाट पुसली आणि मला बॅटरीच्या खोलीला वळसा घालून नेलं. वाट चांगली झाली, पण लांब झाली. आणि ताई माझं माप बदलायला विसरली. काळजी घेण्याच्या नादात झालेली चूक होती ती, मित्रांनो. अशा चुकीचा संशयसुद्धा कोणाला येत नाही.

आम्हांला घालायला मामा आले. मामा कोणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचे होते. केबली घालण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. थोरलीला त्यांनी अलगद निजवलं, मग मला उलगडत मागच्या भिंतीने निघाले. वळसा संपला, हॉलचं दार दिसायला लागलं आणि मी संपले. माझं टोपी घातलेलं टोक हवेत लोंबत राहिलं.

"ताई, ही आपली धाकटी बुटकी निघाली की."

ताईने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मामा, जोड देता येईल?"

"इथल्या नियमात बसत नाही. बसलं असतं तरी मी दिला नसता. उद्या तुटलं की लोक माझ्या नावाने खडे फोडणार."

"मग नवीन मागवावी लागेल."

"मागवा. पण परवा फीत कापायला पाहुणे येणार, साहेब काही थांबायचे नाहीत. तोवर हिला थोरलीच्या शेजारी निजवतो. तात्पुरतं. नवीन आली की काढू, त्याला काय."

आणि मी थोरलीच्या कुशीत गेले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एकटीने अंधाऱ्या भिंतीकडे पडून राहण्यापेक्षा बहिणीला बिलगून झोपणं बरं वाटलं. ते चुकीचं आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. साहेब म्हणजे डेटा सेंटरचे प्रमुख. त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर दोन हिरवे दिवे लागले, एक थोरलीचा आणि एक माझा. साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते, "एक तुटली तरी दुसरी आहे." दिवे खोटं बोलत नव्हते. आम्ही दोघी धडधाकट होतो. पण आम्ही कुठे आहोत हे दिव्याला कळत नाही.

पुढच्या आठवड्यात ताई साहेबांकडे गेली.

"सर, दुसरी केबल अजून पहिल्याच ट्रेमध्ये आहे."

"दोन्ही दिवे हिरवे आहेत ना?"

"आहेत, पण..."

"मग चालतंय ते चालू दे. आणि मला एक सांग, ती आखूड आलीच कशी? माप कोणी दिलं होतं?"

ताई गप्प बसली. नवीन नोकरी, पहिलंच मोठं काम. "बघते सर," एवढंच बोलून ती बाहेर आली. त्यानंतर हा विषय निघाला की मामा म्हणायचे, "आणा ताई, मी तयार आहे," आणि ताई म्हणायची, "हो मामा, बोलते." मग मामांनीही विचारायचं सोडलं. आमच्यावर धूळ बसली. शेजारून नव्या केबली आल्या, वरून आल्या आणि आम्ही खाली दडपलो. तात्पुरतं या शब्दावर इतकी वर्षं जातात, हे मी त्या ट्रेमध्ये शिकले.

मग एका दुपारी बॅटरीचं नवीन कपाट आलं. हत्तीएवढं जड. अशा वजनाखाली फरशी टिकत नाही, म्हणून वाटेवर जाड फळ्या अंथरतात आणि त्यावरून कपाट ढकलत नेतात. मामांचं तिथे काही काम नव्हतं. तरी ते आले आणि बरोबर आमच्या डोक्यावरच्या वळणावर उभे राहिले.

"इथे जपून रे. थोडं डावीकडे घ्या. खाली दोघी आहेत."

"मामा, तुमच्या लेकी आहेत का त्या?" ढकलणाऱ्यांपैकी एकाने चिडवलं.

"लेकीच समज. हळू..."

फळी सरकली. चाक फरशीवर आलं आणि फरशी बिस्किटासारखी मोडली. कपाट कललं आणि मामांना घेऊन खाली आलं. त्याची लोखंडी कड ट्रेमध्ये घुसली. आधी थोरली चिरडली, मग मी. काच मोडली की उजेड तिथेच थांबतो. पडद्यावरचे दोन्ही हिरवे दिवे एकदमच विझले.

माणसं धावली. कपाट हलेना. कोणी ओरडलं, "रुग्णवाहिका बोलवा," आणि सगळ्यांनी खिशातले फोन काढले. फोन लागेना. एकजण म्हणाला, "असं कसं? हा नंबर तर कधीच बंद नसतो." ताई वरून धावत आली. तिनेही फोन कानाला लावला. मग तिची नजर फुटलेल्या फरशीतून खाली गेली, चिरडलेल्या आम्हा दोघींवर. तिने फोन सावकाश खाली घेतला. त्या हॉलमध्ये त्या घडीला फक्त तिलाच कळलं होतं की हा फोन लागणार नाही. आणि शहरात कोणाचाच लागणार नाही.

शेवटी पहारी लावून कपाट उचललं आणि ते आलं होतं त्याच टेम्पोत घालून मामांना नेलं. दवाखान्याच्या दारापर्यंत ते पोचले नाहीत.

शहराचा रुग्णवाहिकेचा नंबर बंद ठेवून चालणार नव्हतं. म्हणून घाईघाईने दोन नव्या केबली आणल्या, सोय बघितली आणि दोन्ही त्याच ट्रेमध्ये घातल्या. दिवे पुन्हा हिरवे झाले. चौकशीत साहेबांनी आराखडा पुढे केला. त्यात वाटा दोन होत्या, रेघा सुरेख होत्या आणि चौकशी तिथेच मिटली. आम्हां दोघींना गुंडाळून कोपऱ्यात टाकलं होतं.

काही दिवसांनी मामांची मुलगी त्यांचा डबा आणि अवजारांची पिशवी न्यायला आली. शाळेच्या गणवेशातच होती. ताईने पिशवी तिच्या हातात दिली. ती गेली नाही.

"ताई, बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे. एक विचारू? फोन का लागला नाही?"

ताईला वेळ मारून नेता आली असती. आधी अनेकदा नेली होती. पण तिने कोपऱ्यातून मला उचललं आणि त्या मुलीसमोर जमिनीवर बसली. माप कसं चुकलं, धाकटी थोरलीशेजारी कशी आली, साहेबांनी विचारल्यावर आपण का गप्प बसलो, दोघींना जपायला मामा त्या वळणावर कसे उभे राहिले, सगळं सांगितलं. मुलगी रडली नाही. तिने माझं चिरडलेलं अंग बोटाने चाचपलं.

"मग आता तरी मागच्या भिंतीने घातली का?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"नाही घातली?" मुलीने पिशवी खांद्याला लावली. "मग बाबा कशाला उभे होते तिथे?"

ती गेली.  ताई उठली, मला हातात घेतलं आणि तशीच साहेबांच्या खोलीत शिरली. "माप मी दिलं होतं," ती म्हणाली. "चुकीचं दिलं होतं. आता बरोबर माप देते. ते आज मागवल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मागच्या भिंतीला आता माझ्यासारखीच निळी एकजण झोपली आहे, बॅटरीच्या खोलीला वळसा घालून, एकटी, पूर्ण लांबीची. मी ताईच्या टेबलामागे खिळ्याला लटकते. कोणी नवीन कामाला लागलं की ताई आधी आराखडा बघत नाही. म्हणते, "दुसरी कुठून जाते ते चालून दाखवा." झालेल्याची भरपाई एवढ्याने होत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मामांच्या घरी ती अजून गेलेली नाही. दोनदा निघाली आणि वळणावरून परत आली.

मित्रांनो, मला आता पुसायला, जपायला नको. माझं काय व्हायचं ते झालं. पण तुमच्या शाळेला एक दुसरा जिना असेल, मागचं दार असेल, त्यावर बाण काढलेली पाटीसुद्धा असेल. उद्या मधल्या सुट्टीत तिथपर्यंत चालत जा आणि ते दार ढकलून बघा. कदाचित त्याच्यासमोर मोडकी बाकं रचून ठेवली असतील. कोणीतरी म्हणेल, "तात्पुरती ठेवली आहेत." तेव्हा गप्प बसू नका.