फ्लेक्सवरचा कान

निवडणुकीला उभं राहायचं ठरल्यावर ऋषिकेशने पहिलं काम काय केलं, तर स्वतःचा कान दुरुस्त करून घेतला. खरा नाही, फ्लेक्सवरचा. आमच्या दारासमोरच्या खांबावर माझा मुलगा हात जोडून उभा आहे आणि त्याचा डावा कान अगदी नवरदेवाचा.

खरा कान तसा नाही. अकरा वर्षं तो रग्बी खेळला, मुंबईच्या संघाकडून, पगार घेऊन. आमच्या विणकरांच्या गल्लीत निम्मे लोक अजून त्याला कबड्डीच समजतात. आठ-आठ जण मुंडकी अडकवून एकमेकांना रेटतात, त्यात कान चेंगरतो, रक्त साकळतं. एका सुटीत तो कान सुजवूनच घरी आला. डॉक्टरने सुईने रक्त काढलं तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं. पण कान फुलला तो फुललाच, कढईतल्या भज्यासारखा.

मला लाज वाटायची. उमरेडला मुलगी पाहायला गेलो, तर मुलीचे वडील कानाकडेच पाहत बसले. मी लगेच म्हणाले, "लहानपनी मोटरसायकलवरून पडला होता." यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "नाही जी, पडलो नाही. खेळताना झालं. अजून खेळून राहिलो." सोयरीक तिथेच मोडली. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

मग गुडघा गेला, खेळ संपला. यंदा पक्षाने नगरसेवकाचं तिकीट दिलं आणि त्यासोबत प्रचार सांभाळायला हेमराज दिला.

"काकू, असा कान पाहून बाया भेतात," हेमराज म्हणतो. "गुंड वाटते मानूस."

म्हणून कानाला मफलर. जानेवारीची सकाळ असेल तर समजू शकते. हा भर बारा वाजता घाम पुसत-पुसत मफलर गुंडाळून फिरतो!

काल पंचफुलाबाईच्या दारात गेलो. चाळीस वर्षं तिचा माग आणि माझा माग भिंतीला भिंत लावून खडखडले. तिने ताट आणलं, कुंकू लावलं. मग पत्रकावरचा फोटो पाहिला, पुन्हा याच्याकडे पाहिलं.

"तुळजाबाई, फोटोत हा कोन व्हय वं?"

"मीच आहो, मावशी," ऋषी हसला.

"मंग कान काहून झाकून राहिला? दाखव बरं."

मफलर तिनेच सरकवला. मागे पाच-सहा बाया उभ्या होत्या. त्यातली एक नवी सून म्हणाली, "बाई! काय झालं हे?"

"काही नाही ताई," हेमराज पुढे झाला. "भाऊ लहानपनी मोटरसायकलवरून पडले होते."

माझं वाक्य! शब्दन् शब्द. त्याला ते कोणी दिलं, हे विचारायची गरज नव्हती. मी ऋषीकडे पाहिलं. आता बोलेल. उमरेडला बोलला तसा बोलेल.

"हो ना ताई," तो म्हणाला, "पडलो होतो." आणि मफलर वर ओढला.

 तो कान सुजवून घरी आला तेव्हा हळद-तेल गरम करून पंचफुलाबाईनेच आणलं होतं. तिने दिवा ओवाळला, ताट घेऊन आत गेली आणि दार लोटलं.

"चला काकू, अजून दोन गल्ल्या आहेत," हेमराज म्हणाला.

मी आमच्या खांबापाशी थांबले.

"पाय दुखून राहिले काय, आई?" ऋषीने विचारलं.

मी त्याचा मफलर ओढून काढला, नीट घडी घातली, हेमराजच्या हातात दिली. बाया दारादारांतून पाहत होत्या. पाहू देत.

"उमरेडले मी खोटं बोलली आन् तू मले चारचौघांत खोटं पाडलं. आठ दिवस बोलली नाही तुह्याशी, पन तुले वाढताना त्या कानाकडेच पाहत होती. आज तू माहंच टाकलेलं खोटं उचललं. त्या कानवाल्या पोराले माहं मत होतं, ऋषी. हा खांबावर हात जोडून उभा आहे ना, त्याले मी ओळखत नाही. त्याच्यासाठी मत मांगाले माह्या दारात येऊ नको."